बाकीच्या जगाचा भाव

आयुष्यात मी एकच वस्तू सांगितलेल्या भावाला घेतली आहे. घासाघीस केली नाही, पाठ फिरवून दोन पावलं चालले नाही, "राहू द्या मग" म्हणून पदरही सावरला नाही. मुकाट पूर्ण पैसे दिले. आणि घेतलं काय, तर एका भिंतीवर बसायची जागा. भिंतसुद्धा खरी नव्हती. अजून आठवलं की तोंडाची चव जाते.

हे ज्या बाईने केलं ती तेव्हा नुकती पन्नाशी ओलांडलेली होती, केसांना मेंदी लावायची, आणि व्यवहारातलं आपल्याइतकं वर्ध्यात कुणाला कळत नाही असं समजायची. ती बाई मीच. पण तिला "मी" म्हणताना माझी जीभ अडखळते, इतकी ती शहाणी होती.

आमचं भांड्यांचं दुकान. सासऱ्यांनी बाजारात टाकलेलं, आणि राहायला आम्ही नालवाडीला. माझं माहेर केळझरकडचं, शेतीचं. भांड्यातलं मला काही कळत नव्हतं, पण लग्नानंतर दोन-चार वर्षांत मी गल्ल्यावर बसायला लागले आणि सासरे मागच्या खोलीत जाऊन झोपायला लागले, यातच काय ते समजा. भाव सांगणं ही माझ्या मते एक कला होती. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की मी आधी त्याचे पाय पाहायची. चपलेला काळी माती असली की आधी पाणी, मग पाऊसपाण्याच्या गोष्टी, मग भाव. बूट असले की आधी भाव, मग पाणी. पहिला भाव हा फक्त बोलणं सुरू करायला असतो, हे मला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही ठाऊक असायचं. गिरडकडच्या बायका तर एका घागरीसाठी अर्धी दुपार बसायच्या, माझा चहा प्यायच्या, माझ्या सुनांची चौकशी करायच्या, ज्या तेव्हा अजून आल्याच नव्हत्या, आणि शेवटी मला इतक्या खाली उतरवून जायच्या की संध्याकाळी आमचे हे विचारायचे, "तू विकली का वाटली?"

पण मजा होती त्यात. समोर माणूस असायचा आणि त्याला तोंड असायचं.

माझी लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिला एक मुलगी. दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षं उलटली असतील, तेव्हा ही नात आठ-नऊ वर्षांची झाली होती आणि तिची-माझी ओळख म्हणजे फोनवरची चार वाक्यं. "हाय आजी." "जेवली का गं?" "हो." "काय जेवली?" मग ती पास्ता म्हणायची आणि आमचं बोलणं संपायचं. त्या पास्त्याचा मला इतका राग यायचा की जणू त्याने माझ्या घरात येऊन नात पळवून नेली होती.

त्या वर्षी त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या आषाढात, दोघी महिनाभर राहायला आल्या. पहिले आठ दिवस नात पंख्याखाली पडून राहिली. मच्छर चावतात, दूध वास मारतं, नळाचं पाणी प्यायचं नाही. मी पोळीला साखर लावून दिली तर तिने ती साखर झटकून पोळी खाल्ली. मग एक दिवस तिला दुकानात नेलं. बिलं करायला तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, इंटरनेटचं कनेक्शनही होतं, आणि बिलं मात्र मी तोंडीच करायची. पोरीचा चेहरा तो डबा पाहून उजळला. आईने तिथे घेऊन दिलेला एक खेळ तिने आपल्या नाव-पासवर्डाने त्याच्यात उतरवून घेतला. ते उतरायला दुपारपासून दिवे लागेपर्यंत वेळ गेला, मधे दोनदा लाईट गेली.

खेळ होता बागेचा. चारी बाजूंनी दगडी भिंत, मधे वाफे, कोपऱ्यात विहीर. दोघांनी मिळून खेळायचा. एकाने विहिरीवर उभं राहून पाणी काढायचं, दुसऱ्याने ते वाफ्यात वळवायचं, आणि पाणी वळवलं नाही तर पहिल्याची बादली भरून वाहते आणि सगळा चिखल होतो. एकटं खेळायचं तर कॉम्प्युटर एक गडी देतो, पण तो गडी इतका आळशी होता की आमच्या माहेरी त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

एकाच कीबोर्डवर दोघी बसलो. ती उजवीकडची बटणं, मी डावीकडची. शेतकऱ्याची पोर मी. पाणी कधी तोडायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्याच संध्याकाळी नातीने माझ्याकडे मान वळवून असं पाहिलं, जसं आठ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आजी, यू आर गुड."

"मग, तुला काय वाटलं, मी फक्त भांडे विकते का?"

त्यानंतर पोरगी रोज सकाळी माझ्याआधी चपला घालून तयार. खेळता खेळता तिचं मराठी असं सुटलं की लेकही थक्क झाली. कारण खेळात घाई असते, आणि मी इंग्रजीत सांगितलेलं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. "वॉटर, वॉटर" म्हणून ओरडली तरी मी ढिम्म. "पाणी दे" म्हटलं की पाणी. पम्पकिनला कोहळं म्हण, टोमॅटोला भेदरं म्हण, तेव्हा मी वाफा सोडीन. महिन्याच्या शेवटी ती पोर "आजी, भेदरे सुकून राह्यले नं, काय करून राह्यली तू" असं अस्सल बोलायला लागली. तिच्या आईने पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर ते ऐकवलं तेव्हा मैत्रीण म्हणे बराच वेळ हसत होती. हसू दे. मला त्या एका वाक्यात नात परत मिळाली होती.

निघताना नागपूरच्या विमानतळावर तिने माझा हात धरून सांगितलं, "आजी, संडेला. तुझी इव्हिनिंग, माझी मॉर्निंग. तू गेम घे, मग तू तुझ्या घरातून ये, मी माझ्या घरातून. सेम गार्डन."

"येते," मी म्हटलं. भेदऱ्यांचा वाफा अर्धा राहिला होता, तो तिने तसाच ठेवला. माझ्यासाठी.

आता सगळं इतकंच होतं, की मी तो खेळ विकत घ्यायचा. तिच्या नावावरचा खेळ तिच्याबरोबर गेला होता, माझ्यासाठी माझा हवा होता. पुढच्याच रविवारी मी कॉम्प्युटरसमोर बसले, कंपनीचं दुकान उघडलं आणि भाव पाहिला. वीस डॉलर. त्या काळचे नऊशे रुपये.

मी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्या शहाण्या बाईच्या अंगात दुकान आलं.

नऊशे म्हणजे आमच्या घरचं महिन्याचं दूध. आणि वस्तू कोणती, तर जिला वजन नाही, पत्रा नाही, घडणावळ नाही. एकदा बनवली की लाखाला वाटली तरी गोदामातला एक नग कमी होत नाही. असा माल तर आमच्या सासऱ्यांना स्वप्नात पडला असता. अमेरिकेतला माणूस वीस डॉलर देतो, कारण त्याचा पगारही डॉलरात आहे. मी नालवाडीला राहून, मोठ्या बाजारात गंज-कोपरासारखी भांडी विकून अमेरिकेचा भाव देऊ?

रात्रीच लेकीचा फोन आला.

"आई, पोरगी वाट पाहून राह्यली होती. काऊन नाई आली तू?"

"भाव जास्त लावला आहे त्यायनं. पाहते मी."

"अवं, मी घेऊन देते नं इथून. वीस डॉलरचं काय एवढं. आम्ही एका संध्याकाळी पिझ्झा बोलवला तं तेवढे जातात."

"लेकीचं घेत असते का कोणी?"

"आई, खेळ आहे तो. साडी नाई."

"साडी असो नाई तं सुई असो. आम्ही तुह्या घरी आलतो तेव्हा तुह्या बापानं पाण्याच्या बाटलीचे बी पैसे ठेवलते फ्रिजवर."

"हाव. आणि जावई आठ दिवस हसून राह्यले होते."

"हसू दे त्याले. मी माह्या हिमतीनं घेईन. थोडं कमी करून घेईन."

"कमी? आई, तिथी कोणाशी बोलशील तू?"

हा प्रश्न बिनतोड होता, पण त्या बाईला तो कळलाच नाही. लेकीकडे पाणी प्यायचं नाही, हे आमच्या घराण्यात इतकं मुरलेलं की त्यावर विचार करायचीही पद्धत नव्हती. आणि सांगितलेला भाव द्यायचा नाही, हे त्याहून जास्त मुरलेलं. या दोन भिंतींच्या मधे वीतभर फट होती आणि मी तिच्यातून बैलगाडी काढायला निघाले होते.

आमच्या दुकानाच्या ओळीतच एक पोरगेलासा माणूस सायबर कॅफे चालवायचा. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, पण केस असे उभे की अजून दहावीत नापास झाल्यासारखा दिसायचा. त्याला मी कंपनीला पत्र टाइप करायला लावलं. मजकूर माझा, इंग्रजी त्याचं. "आदरणीय साहेब, तुमचा माल चांगला आहे. आम्हीही व्यापारी लाईनमधले आहोत, आमच्या घराला दोन पिढ्यांची पेढी आहे. एक नग घ्यायचा आहे. योग्य भाव कळवावा. आवडल्यास दोन घेऊ."

"काकू, 'आवडल्यास दोन घेऊ' कायले टाकता? दुसरा कोणाले पायजे?"

"तुले नाई समजत. दुसऱ्या नगाचं नाव काढलं का माणूस नरम येते."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. संपर्क केल्याबद्दल त्यांना आनंद झाला होता. माझा दिवस चांगला जावो असंही त्यांना वाटत होतं. खाली एक हसरा चेहरा आणि नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची वाट दाखवणारी निळी ओळ. भाव त्यांनी कमी केला नाही, वाढवला नाही, "चला, निघा" असंही म्हटलं नाही. माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाला शिव्या घातल्या असतील, पण असं तोंडावर हसून भांड्यासारखं कुणाला पालथं घातलं नव्हतं. मला त्या हसऱ्या चेहऱ्याची शिसारी आली. ती आजतागायत गेलेली नाही. कुणी मोबाईलवर पाठवला की मी उत्तर देत नाही.

मधे दोन रविवार गेले.

मग त्या कॅफेवाल्यानेच मला आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली आणि आवाज उतरवून म्हणाला, "काकू, एक सांगू का? हे लोक जागेजागेचा वेगळा भाव ठेवतात. तुम्ही जिथून दुकान उघडता, तिथला भाव तुमाले दिसते. हाच खेळ रशियात सात डॉलरले आहे."

"तोच?"

"तोच. तीच बाग, तीच विहीर."

"काऊन बा? रशियाचे लोक काय त्यायचे जावई आहेत का?"

"तिथले लोक सगळे चोरीचे खेळ खेळतात. तं कंपनी म्हणते, कमीत घ्या पण घ्या."

"आणि आपल्याइकडे काय सगळे साधू आहेत? तुह्याच भिंतीवर किती चोरीच्या सीड्या टांगल्या आहेत, मोज."

तो ओशाळला नाही. "ते आहेच काकू. पण आपल्यासाठी त्यायनं भाव बनवलाच नाई. अमेरिकेचा एक, युरोपचा एक, रशियाचा एक. आपण बाकीच्या जगात येतो."

"म्हणजे?"

"असंच लिहिलं आहे त्यायनं. उरलेले सगळे देश मिळून, बाकीचं जग. त्याले अमेरिकेचाच भाव."

मी खुर्ची पुढे ओढून त्याच्या पडद्यावर वाकले. वर्धा, सेलू, समुद्रपूर, नागपूर, दिल्ली, सगळं एका गाठोड्यात बांधून कोपऱ्यात फेकलेलं. आमच्या दुकानातलं सगळ्यात फाटकं गिऱ्हाईकसुद्धा "बाकीचं" नव्हतं. त्याचं गाव मला ठाऊक असायचं, त्याची कपाशी कशी आहे ते ठाऊक असायचं, मग मी त्याला भाव सांगायची. यांनी न पाहता, न विचारता, आम्ही अमेरिकेचा भाव देऊ शकतो असं ठरवलं होतं. कुणी सांगितलं यांना? कुण्या शहाण्याने माझे पाय पाहिले?

"मग रशियाच्या भावात आण," ती बाई म्हणाली.

आणता येत होतं. त्याच्या ओळखीचा कुणी तिकडचा आकडा काढून देणार, तो आकडा टाकला की खेळ उघडणार. साडेचारशे सांगितले त्याने. मी अडून बसले. एक तास लावला. मधे दोनदा उठून दारापर्यंत गेले, त्याने दोनदा "काकू, बसा तं" म्हटलं. शेवटी तीनशेवर तोडलं आणि वर त्याच्याकडून एक माऊस घेतला. घरी येताना माझी चाल अशी होती जशी मी रशिया जिंकून येतेय. ह्यांना सांगितलं, तर हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आणि तो खेळ चालते का?"

"काऊन नाई चालणार?"

"नाई, विचारून पाह्यलं."

रविवारी संध्याकाळी दुकानाचं अर्धं शटर ओढून मी बसले. उदबत्ती लावली होती, आता हसू येतं. आकडा टाकला. खेळ उघडला. बाग तीच, विहीर तीच, आणि अक्षरं सगळी रशियन. एक अक्षर लागेना. तरी मी बटणं ओळखत होते, दरवाज्याचं चित्र ओळखत होते. दरवाज्यातून नातीच्या बागेत जायचं असतं. मी तिचं नाव टाकलं. एक लाल पाटी आली. पुन्हा टाकलं, पुन्हा पाटी. फोन लावून ठेवला होता. पलीकडून नात विचारत होती, "आजी, कुठे आहे तू? मी विहिरीवर आहे."

"मी पण विहिरीवर आहे गं."

"मला नाही दिसत."

"मलाही नाही दिसत तू."

दोघी आपापल्या विहिरीवर उभ्या. कॅफेवाल्याला बोलावून आणलं. त्याने ती लाल पाटी कशाकशात घालून इंग्रजी करून वाचली आणि डोकं खाजवलं. "काकू, रशियाच्या भावात घेतलं तं रशियाच्या बागेतच जाता येते. अमेरिकेच्या बागेत नाई जाता येत."

"आणि बाकीच्या जगातून घेतलं असतं तं?"

"तं जाता आलं असतं."

त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने पन्नास रुपये परत केले आणि माऊस परत मागितला नाही.

मग शहाणपणाने करायचं ते त्या बाईने करावं की नाही? त्याच आठवड्यात पूर्ण भाव देऊन मोकळं व्हावं की नाही? नाही केलं. अडीचशे गेलेच होते, आता वर नऊशे घालणं म्हणजे कंपनीला साडेअकराशे देणं, असा तिने हिशेब मांडला. आणि रशियाच्या खेळावर हट्टाने बसली. म्हणे काहीतरी वाट निघेल. त्या आळशी गड्याला घेऊन मी एकटीच कोहळी पिकवत बसले. कुणी एक रशियन माझ्या दरवाज्यातून आत येऊन त्या गड्याची जागा घ्यायचा, पिकलेली कोहळी तोडून न्यायचा आणि जाताना टोपी काढून वाकायचा. त्याला शिव्या द्यायला माझ्याकडे एक अक्षर नव्हतं. वऱ्हाडीत दिल्या. तो पुन्हा वाकला.

दर रविवारी फोन यायचा. आधी नात बोलायची, "आजी, आज होईल?" मग लेक एकटीच बोलायला लागली, "आता ते विचारत नाई आई, पण घेऊ का मी?" मी म्हणायची, पाहते. एका रविवारी मी नातीला फोनवर बोलवायला सांगितलं. "हाय आजी," ती म्हणाली. मी विचारलं, जेवली का गं. "हो." काय जेवली? "पास्ता."

त्या रात्री मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कपाटातून ते क्रेडिट कार्ड काढलं. बँकेच्या साहेबांनी त्यांच्या गळ्यात मारलेलं, आणि ह्यांनी ते विंचवासारखं फडक्यात गुंडाळून ठेवलेलं.

"घे," म्हणाले. "पूर्ण भाव देऊन टाक. कोणाले सांगणार नाई मी."

दिले. वीस डॉलर, वर बँकेने आपलं काहीतरी लावलं ते वेगळं. बटण दाबताना माझा हात असा जड झाला होता जसा पहिल्यांदा कुणाच्या पाया पडताना होतो.

पितृपक्ष सुरू झाला होता. त्या रविवारी दुपारी ह्यांनी गच्चीवर आपल्या आईसाठी पान ठेवलं आणि कावळ्याला हाका मारत उन्हात उभे राहिले. कावळा येईना. सासूबाई जिवंतपणीही बोलावल्यावर लगेच आल्या नव्हत्या कधी, म्हणून मी खाली जाऊन जेवून घेतलं. संध्याकाळी दुकानात आले, शटर ओढलं, खेळ उघडला. सगळं वाचता येत होतं. नातीचं नाव टाकलं, दरवाजा उघडला आणि मी आत गेले.

बाग ओळखू येईना. भेदऱ्यांच्या अर्ध्या वाफ्यावर कसल्या तरी जांभळ्या फुलांचे ताटवे. विहिरीवर माझी नात, तिची ती पिवळी टोपी. आणि वाफ्याजवळ, जिथे मी उभी राहायची तिथे, हिरव्या टोपीतलं कुणीतरी. पाणी वळवत होतं, आणि बरं वळवत होतं, हे मला कबूल करावं लागतं.

फोनवर नात म्हणाली, "आजी, तू आली?"

"आले की गं. ती कोण?"

"माझ्या क्लासमधली. आजी, खूप संडे झाले. तू नाही आली." मग फार मऊ आवाजात, जसं आपण म्हाताऱ्या माणसाशी बोलतो, "दोघींचंच असतं ना. पण तू बघू शकते. बघणाऱ्याला वॉलवर जागा असते."

आणि मी पाहिलं तर खरंच मी भिंतीवर होते. बघायला आलेल्या माणसाला तो खेळ पक्षी करतो. मला काळा पक्षी मिळाला होता. रंगीत पोपट व्हायचं असेल तर वरचे दोन डॉलर. कावळा फुकट.

ह्यांची आई दुपारी गच्चीवर आली नव्हती, आणि इथे ह्यांची बायको जिवंतपणीच कावळा होऊन सातासमुद्रापलीकडच्या भिंतीवर बसली होती, पूर्ण भाव देऊन. मला आधी रडू आलं, मग इतकं हसू आलं की शेजारच्या दुकानातला माणूस शटरखालून वाकून पाहून गेला.

कावळ्याला एकच बटण होतं. ते दाबलं की काव. मी काय करणार, दाबलं. हिरवी टोपी दचकली. पुन्हा दाबलं. हिरव्या टोपीचं पाणी वळवायचं राहिलं आणि बादली वाहून चिखल झाला. नात पलीकडे खुदकन हसली, ते मी फोनवर ऐकलं, आणि त्या हसण्यासाठी मी त्या परक्या पोरीचा वाफा तीनदा बुडवला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. हसरा चेहरा, आणि खाली बातमी, की हा खेळ आता निम्म्या भावात, सर्व जगासाठी, बाकीच्यासकट. मी ते पत्र ह्यांना दाखवलं नाही. कॅफेवाल्याने स्वतःहून येऊन दाखवलं. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तरी रविवारी जाऊन बसत राहिले. हट्ट नको का काही. हिरवी टोपी माझ्या कावकावीला सरावली. नात अधूनमधून मान वर करून भिंतीकडे पाहायची. लेकीने तिला मधेच कधीतरी सांगितलं असावं, आजोबा गच्चीवर पान का ठेवतात ते. कारण एक दिवस पिवळी टोपी विहीर सोडून निघाली, वाफ्यात पाणी येईना, हिरवी टोपी हात वर करून नाचायला लागली, आणि ही चालत चालत भिंतीपाशी आली. त्या खेळात बागकाम करून भूक लागली की खायला एक पाव मिळतो. तो तिने काढला आणि माझ्यासमोर भिंतीवर ठेवला.

"आजी, जेवून घे," फोनवर म्हणाली. "भेदरं नाई आहे. पावच आहे."

मी पुढे व्हायला गेले. बाण दाबले, लांब पट्टी दाबली, सगळी बटणं दाबून पाहिली. पक्षी जागचा हलेना. नऊशे रुपये घेऊन त्यांनी कावळ्याला चोच उघडता येईल एवढीही सोय ठेवली नव्हती.

"जेवली का?" नातीने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"काय जेवली?"

"पास्ता," मी म्हटलं, आणि काव केलं.